बिनरश्श्याच्या नूडल्स आणि एक अबोला

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच जपानी शब्द येतो. आरिगातो. आभारी आहे. हा शब्द त्यांनी शाळकरी वयात ऐकला, हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावी. गावच्या विहारात तेव्हा एक जपानी भिक्खू आले होते आणि त्यांचं सकाळचं जेवण आमच्या घरी होतं. ज्वारीच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. पहिल्याच घासाला भिक्खूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण ते थांबले नाहीत. भाकरी संपली की हात जोडून आरिगातो म्हणायचे आणि पुढची घ्यायचे. अण्णांनी हा प्रसंग आम्हाला इतक्यांदा सांगितलाय की आम्हा पोरांना तो स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. पुढे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक झाले. तिथे हातात पाना देणाऱ्यालाही ते आरिगातो म्हणायचे. वर्कशॉपात त्यांना सगळे 'जपान' म्हणूनच हाक मारायचे.

त्यामुळे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका सहकारी बाईंनी राजारामपुरीत जपानी हॉटेल निघाल्याचं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा अण्णाच आठवले. बाई मात्र वैतागलेल्या होत्या.

"नूडल्स आहेत, पण रस्सा नाही. वाडग्याच्या तळाला चमचाभर काहीतरी असतं. आपणच ढवळायचं आणि खायचं. मी वाट बघत बसले रश्श्याची. शेवटी ती जपानी बाई येऊन मला ओरडली."

"जपानीत?"

"छे! आपल्या भाषेत. म्हणाली, बघत काय बसलायसा, ढवळा की!"

घरी येऊन मी हे सांगितलं तर अण्णा खुर्चीतच पुढे सरकले. "खरी जपानी बाई हाय? कोल्हापुरात? मग जायाचंच." त्यांना ऐंशी व्हायला दोन-तीन वर्षं कमी आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात, आणि बाहेर जेवायला चला म्हटलं की गुडघे दुखतात. त्या दिवशी गुडघ्याचं नाव निघालं नाही. माझे मिस्टर कामासाठी बेळगावला गेले होते, घरात आम्ही दोघंच होतो. शनिवारी संध्याकाळी जायचं ठरलं.

हे ठरलं त्याच दिवशी माझ्या आतेभावाच्या बायकोचा, वहिनीचा, फोन आला. आत्तीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आत्ती म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ती असते कुरुंदवाडला, पण ऑपरेशनसाठी कोल्हापुरात लेकाकडे आली होती. वहिनी म्हणाली, ऑपरेशन छान झालं, आत्ती काळा चष्मा लावून घरभर हुकूम सोडतेय. बोलता बोलता मी तिला जपानी हॉटेलचं आणि आमच्या शनिवारच्या बेताचं सांगितलं. अण्णा आणि आत्तीची भेट घालून द्यावी असं आमच्या दोघींच्याही मनात होतं, पण तो विषय आम्ही काढला नाही. कारण त्या दोघांत दीड-पावणेदोन वर्षांचा अबोला होता.

त्याचं असं झालं. आत्तीच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता, कुरुंदवाडला. पन्नासेक माणसांचं जेवण. आत्तीच्या हातचा मटणाचा रस्सा आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. लग्न ठरवताना लोक तिला आधी विचारतात, तू रस्सा करणार ना, आणि मग हॉल बघतात. त्या दिवशी पंगत बसली, आत्ती स्वतः पळी घेऊन वाढत होती. अण्णांनी पहिला भुरका मारला आणि भर पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "रस्सा पाणचट झालाय की गं! पंचगंगेला पूर आलाय काय?"

पंगत हसली. आत्तीनं पळी भांड्यात टाकली, पदर खोचला आणि म्हणाली, "आजपासनं माझ्या घरचं ताट तुला न्हाय." अण्णाही उठले. भरलेलं ताट तसंच राहिलं. आम्ही मुलांनी दोन्हीकडून पुष्कळ समजावलं. आत्तीचं म्हणणं, मोठा तो आहे, आधी त्यानं बोलावं. अण्णांचं म्हणणं, मी गंमत केली, गंमत ज्याला कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं? दोघांनाही माझ्याकडून एकमेकांची तब्येत कळायची. आत्तीचा फोन आला की अण्णा टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि ऐकत नसल्याचं दाखवायचे.

शनिवारी आम्ही रिक्षानं गेलो. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, चार-पाच पायऱ्या चढून वर, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी ते हॉटेल होतं. जागा एवढीशी. भिंतीला लागून चार टेबलं आणि समोर स्वयंपाकघराला तोंड करून लाकडी काउंटर, त्याच्यापुढे उंच स्टुलं. दारातच मराठीत पाटी: 'आमच्याकडे रस्सा मिळत नाही. ढवळून खावे.' तिच्याखाली कोणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'मग आम्ही काय खावे?' ते पुसलेलं नव्हतं.

काउंटरच्या पलीकडे पांढरं फडकं डोक्याला बांधलेला, आपल्याकडचाच एक तरुण माणूस वाफाळत्या भांड्यातून नूडल्स उपसत होता. तो शिरोळ तालुक्यातला. जपानमध्ये आधी कारखान्यात आणि मग एका नूडल्सच्या दुकानात त्यानं बरीच वर्षं काढली, तिथेच लग्न केलं आणि काही वर्षांपूर्वी बायकोला घेऊन परत आला होता. त्याची बायको बाहेरचं बघायची. बारीक, चपळ, निळं एप्रन घातलेली. आम्हाला बघताच ती लगबगीनं आली.

अण्णा दारातच थांबले. टोपी काढली, दोन्ही हात जोडले, आणि साठ-पासष्ट वर्षं जपून ठेवलेला शब्द स्वच्छ उच्चारला. "आरिगातो!"

ती बाई क्षणभर बघत राहिली आणि मग हसली. "अजून काय खाल्लंच न्हाय की, आजोबा! आभार मागनं माना. या, बसा."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. ती तीन वर्षं शिरोळकडे सासूजवळ राहिली होती आणि मराठी सासूकडूनच शिकली होती. पुस्तकातली मराठी तिच्या वाट्याला आलेलीच नव्हती. आतून नवऱ्यानं हाक मारली की तीही आमच्याकडच्या बायकांसारखी "आलो, आलो!" म्हणत पळायची.

"ही तर आपल्यापेक्षा अस्सल बोलायलीय," अण्णा माझ्या कानात म्हणाले, पण त्यांचं कानात बोलणं म्हणजे अख्ख्या हॉटेलला ऐकू जातं.

टेबलं भरलेली होती. काउंटरपाशी चार स्टुलं रिकामी होती. अण्णांना त्या उंच स्टुलावर चढवणं हेच एक काम झालं. एका बाजूनं मी, एका बाजूनं ती जपानी सून. वर बसल्यावर पाय लोंबकळले तसे ते म्हणाले, "सलूनात आल्यासारखं वाटायलंय. आता गळ्याला फडकं बांधा." तिनं खरंच एक कागदी फडकं आणून त्यांच्या गळ्याला बांधलं. सदऱ्यावर डाग पडू नये म्हणून ते सगळ्यांनाच देत होते. मी त्यांच्या डावीकडे बसले. उजवीकडची दोन स्टुलं तशीच राहिली.

वाडगी आली. खोलगट, जड वाडगं. खाली जाडजूड, पिवळसर नूडल्स, त्या ते लोक तिथेच गव्हाच्या पिठाच्या करतात. वर एका कोपऱ्यात तिखट चिकन खिमा, दुसऱ्या कोपऱ्यात बारीक चिरलेली कांद्याची पात, ठेचलेला कच्चा लसूण, समुद्री शेवाळाचा काळा कागदासारखा तुकडा, आणि मधोमध अंड्याचा पिवळाजर्द कच्चा बलक. दिसायला रांगोळी.

अण्णांनी वाडगं एका बाजूनं कलतं केलं, मग दुसऱ्या बाजूनं. काही वाहिलं नाही.

"पोरी," त्यांनी त्या बाईला हाक मारली, "रस्सा मागनं येतोय व्हय?"

तिनं दाराकडे, पाटीकडे बोट केलं.

"तसं न्हवं. वाटीभर? वरनं घ्यायला?"

"वाटीभर न्हाय, थेंबभर न्हाय. खाली तेल हाय, मसाला हाय. सगळा जीव खाली हाय. ढवळलं की वर येतोय." आणि जाता जाता म्हणाली, "लई ढवळायचं. हात दुखला पायजे."

शेजारच्या टेबलावर कॉलेजची मुलं होती, ती खदखदून हसली. अण्णाही हसले. बलक बघून त्यांना तालमीतले दिवस आठवले, तेव्हा वस्ताद दुधात कच्ची अंडी फोडून द्यायचे म्हणे. जेवायच्या काड्या हातात घेतल्या, त्यांनी काही जमेना. काटा मागितला. तेवढ्यात दारातली घंटी वाजली.

मी वळून पाहिलं आणि माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. दारात वहिनी होती, आणि तिच्या दंडाला धरून आत्ती. हिरवी नऊवारी, कपाळाला आलेला घाम, आणि डोळ्यांवर तो मोठा, बाजूनंही बंद असलेला काळा चष्मा.

मी वहिनीकडे डोळे मोठे करून बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. जपानी सून लगेच पुढे झाली, "या की आजी, हिकडं जागा हाय," म्हणत तिनं आत्तीला धरून आणलं आणि थेट अण्णांच्या उजव्या हाताच्या स्टुलावर चढवलं. वहिनी त्याच्या पलीकडे बसली.

अण्णांनी आत्तीला दारातच पाहिलं होतं. त्यांची मान ताठ झाली. नजर समोरच्या वाफेकडे लागली ती हलेना. उठून जाण्याचीही सोय नव्हती, कारण स्टुलावरून उतरायला दोन माणसं लागली असती.

आत्तीनं पदर सावरला, काउंटर हातानं चाचपला आणि शेजारी वळून म्हणाली, "पावणं, जरा सरकतायसा काय? कोपर लागायलंय."

पावणं! सख्ख्या भावाला! अण्णा काही न बोलता सरकले. मला वाटलं, तिला चष्म्यातून दिसत नाहीय. आतला उजेडही मंद होता. बोलावं की गप्प बसावं, मला कळेना. बोलले तर भर हॉटेलात काय होईल सांगता येत नव्हतं. आत्तीचा आवाज म्हणजे नदीच्या अलीकडून पलीकडच्या माणसाला ऐकू जाणारा.

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर वहिनीचा मेसेज आला. 'आईंनी ओळखलंय. सकाळपासून मागे लागल्या होत्या की मला पण तिथंच न्या. तुम्ही गप्प बसा.'

मी मोबाईल पालथा ठेवला. ओठ दाबून हसू आवरलं. आत्ती जिंकल्याशिवाय घरी जाणार नव्हती आणि आधी बोलणारही नव्हती. मग तिनं ही वाट काढली होती. ओळख दाखवली नाही म्हणजे अबोला मोडल्यासारखंही झालं नाही.

तिचं वाडगं आलं. तिनं काटा घेतला आणि भाकरीचं पीठ मळावं तसं ढवळायला सुरुवात केली. मग शेजारी बघून म्हणाली, "पावणं, तुमचं तसंच हाय की. गार झाल्यावर खाणार काय? ढवळा की."

अण्णांनी काटा फिरवला. एकदा, दोनदा. नूडल्सचा गोळा उचलला गेला आणि परत धपकन खाली पडला.

"आसं न्हवं," असं म्हणून आत्तीनं त्यांचं वाडगं स्वतःकडे ओढलं. डाव्या हातानं धरलं आणि उजव्या हातानं खालून वर, खालून वर असं ढवळलं. बलक फुटला, खिमा नूडल्सना चिकटला, तळाचं तांबूस तेल वर आलं आणि लसणाचा वास आमच्यापर्यंत आला. तिनं वाडगं परत अण्णांपुढे सारलं. अण्णांनी घास घेतला. चावत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या, तशा त्या चांगल्या जेवणालाच जातात. पण बोलले नाहीत. आवाज ओळखला जाईल या भीतीनं ते गप्प होते.

आत्ती मात्र सुरू झाली. कोणाशी तरी बोलल्यासारखं, समोर बघत.

"जपानी माणूस मला नवीन न्हाय. आमच्या घरात जेवून गेलाय. भिक्खू आलते गावात. मी एवढीशी हुतो. आईनं खर्डा केलता. एक घास खाल्ला आणि उठून पळालंच की बिचारं!"

अण्णांचा काटा थांबला.

"अर्धी भाकरी बी संपवली न्हाय," आत्ती म्हणाली.

"तीन!"

अण्णांच्या तोंडून तो शब्द असा सुटला की आतला नवराही वळून बघायला लागला.

"काय म्हणलासा, पावणं?"

अण्णांनी घसा खाकरला. आवाज जरा घोगरा केला. "तीन भाकरी खाल्ल्या. तीन."

"तुमी हुतासा काय तिथं?"

"न्हाय. ऐकलंय. सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय."

वहिनी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"असंल बाबा," आत्ती म्हणाली. "माझा भाऊ असता तर त्येनं बी तीनच म्हटलं असतं. लई हेकट. ह्याच कोल्हापुरात ऱ्हातोय, पण माझ्यासंगं बोलत न्हाय."

अण्णा दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुमीच बोलत नसशीला."

"मी का बोलू? भर पंगतीत माझ्या रश्श्याला पाणचट म्हटलं त्येनं. सारी माणसं हसली. माझ्या सुनंच्या माहेरची माणसं हुती तिथं. रातभर झोपलो न्हाय मी."

हे आम्हाला नवीन होतं. ती रात्रभर झोपली नव्हती हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिचा राग आम्ही पाहिला होता. अण्णा काट्यानं वाडग्यात उगीच रेघा ओढत बसले. त्यांना वाटत होतं की सगळी पंगत त्यांच्याबरोबर हसली आणि विसरली.

मग ते म्हणाले, "त्या वेळी त्येनं नवी कवळी बसवली असंल."

"काय?"

"कवळी. दात. नवी कवळी बसली की महिनाभर कशाला चव लागत न्हाय, बाई. च्या असू दे, मटण असू दे, सगळं पाणीच लागतंय. मला अनुभव हाय."

आणि मला एकदम आठवलं. अण्णांची कवळी त्याच आठवड्यात आली होती. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. ती लावून जेवताना ते चिडचिड करायचे, वाटीत ठेवून द्यायचे. पण कुरुंदवाडच्या भांडणाशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आत्तीनं चष्मा नीट केला. मग म्हणाली, "मग तसं सांगायचं हुतं की."

"भर पंगतीत कवळीचं कसं सांगायचं?"

"आणि भर पंगतीत रश्श्याचं सांगता येतंय?"

अण्णांनी काटा खाली ठेवला. समोरच्या भांड्यातून वाफ येत होती, आतला माणूस नूडल्स झटकत होता, कॉलेजची मुलं फोटो काढत होती.  मला वाटलं, आता बिघडतं की काय.

"चुकलं असंल त्येचं," अण्णा म्हणाले.

"असंल?"

"चुकलं."

"आणि रस्सा?"

"चांगला असणार."

"चांगला म्हंजे कसा?"

अण्णांनी सुस्कारा सोडला. "एक नंबर असणार, बाई. नात्यात तसा रस्सा कोण करत न्हाय, आसं मी... आसं म्हणत असतील लोक."

"व्हय. म्हणत्यात," आत्ती म्हणाली आणि शांतपणे नूडल्स खायला लागली. तिच्या हनुवटीला तेल लागलं होतं. चष्म्याखालून तिनं पदरानं काहीतरी टिपलं. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, पण वहिनीनं तिला अडवलं नाही.

नूडल्स संपत आल्या तशी जपानी सून छोट्या वाट्यांतून मूठ मूठ भात घेऊन आली. तळाला मसाला राहतो, त्यात हा भात कालवून वाडगं पुसून खायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. तिनं हे सांगताच अण्णा खुलले. आपला घोगरा आवाज विसरून मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे शेवटाला भात त्येंच्यात बी लागतोय! मग माणसं आपलीच की!"

"आपलीच," ती म्हणाली. "माझी सासू बी आसंच म्हणती. पण ती अजून घरनं डब्यातनं रस्सा घेऊन येती आणि चोरून वरनं ओतती. मी बघितलं तर म्हणती, पाणी हाय."

आत्ती आणि अण्णा दोघंही एकाच वेळी हसले. दोघांचं हसणं एकसारखं आहे, आधी नुसते खांदे हलतात आणि आवाज उशिरानं येतो. भात कालवताना आत्तीनं स्वतःच्या वाटीतला अर्धा भात अण्णांच्या वाडग्यात लोटला. विचारलं नाही, सांगितलं नाही. अण्णांनीही तो निमूट खाल्ला. हाताची बोटं चाटून झाल्यावर त्यांनी त्या बाईला परत हात जोडले आणि दुसऱ्यांदा आरिगातो म्हणाले. या वेळी तिनं कमरेत वाकून जपानीत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. अण्णांना एक अक्षर कळलं नाही, पण ते मान डोलवत राहिले.

निघायची वेळ झाली. वहिनी काउंटरवर पैसे द्यायला थांबली, मी अण्णांना स्टुलावरून उतरवलं. आत्ती स्वतःच उतरून दारापर्यंत गेली होती. बाहेर अंधार पडला होता, आणि पायऱ्यांवर दिवा नव्हता. ती चौकटीला धरून उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. मग वळून म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, जणू कधी काही झालंच नव्हतं:

"दादा, हात धर. मला पायऱ्या दिसंनात."

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ते पुढे झाले आणि त्यांनी तिचा हात धरला. खरं म्हणजे त्यांचे गुडघे आणि तिचे डोळे, कोण कोणाला उतरवत होतं सांगणं कठीण. दोघं एकेक पायरी थांबत, "बघून, बघून," "मलाच काय सांगतोस, तूच बघ," असं एकमेकांना दटावत खाली गेले. मी आणि वहिनी दारात उभ्या. तिनं माझा हात घट्ट दाबला. मागून जपानी सून आली, तिनं आम्हा दोघींचे चेहरे पाहिले आणि काळजीनं विचारलं, "तिखट लागलं काय?"

"व्हय," वहिनी म्हणाली. "जरा लागलं."

खाली रस्त्यावर आत्ती अण्णांना विचारत होती की गुडघ्याला कोणतं तेल लावतोस, आणि अण्णा तिला विचारत होते की डोळ्याला टाके घातले का. रिक्षा येईपर्यंत दोघांनी निम्म्या गावाची चौकशी केली.

परत येताना अण्णा बराच वेळ बाहेर बघत होते. आमच्या गल्लीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "तिला कवा कळलं गं, मी हाय ते?"

"पायरीवर असेल," मी म्हटलं.

"तसंच असणार," ते म्हणाले. "चष्मा लई जाड हाय तिचा."

त्यांना खरोखर तसं वाटलं, का त्यांनीही माझ्यासारखंच समजून गप्प बसायचं ठरवलं, हे मी कधी विचारलं नाही. वहिनीचा तो मेसेज मात्र मी पुसून टाकला. अण्णा चष्मा लावून माझा मोबाईल बघत बसतात, म्हणून.

महिन्याभरानं आत्ती कुरुंदवाडला परत गेली आणि तिच्यामागून आठवड्याभरात अण्णांनी पिशवी भरली. मी गाडीनं सोडते म्हटलं, तर आयुष्य एसटीत गेलं त्या माणसाला गाडी कशाला, म्हणून एसटीनंच गेले. जाताना मी त्यांच्या पिशवीत कवळीची डबी ठेवली, तर म्हणाले, "आता सगळ्याची चव लागतीया." दोन दिवस राहून येतो म्हणाले होते. आठवडा झाला तरी पत्ता नाही. मग मीच फोन लावला.

फोन आत्तीनं उचलला आणि मी हॅलो म्हणायच्या आधीच सुरू झाली. "तुझ्या बापाला घेऊन जा. पहाटं उठून माझ्या म्हशीला व्यायाम शिकवतोय. म्हणं ती लठ्ठ झालीया. तिला गोठ्याभोवती फिरवतोय. दूध कमी झालं त्येच्यामुळं!"

मागून अण्णांचा आवाज आला. "दूध कमी झालं न्हाय! तू भांडं बदललंस! मोठ्या भांड्यात कमी दिसतंय!"

"भांडं तेच हाय!"

"तेच न्हाय. त्येला कान हुता, ह्येला न्हाय!"

"कान तुझाच गेलाय!"

मी काही बोलायचा प्रयत्न केला, पण माझं ऐकायला तिकडे कोणी नव्हतं. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. जुडी निवडून झाली, धुऊन झाली. म्हशीवरून ते वैरणीवर आले होते आणि वैरणीवरून कुठल्याशा चुलतभावाच्या लग्नातल्या बँडवर. मी अजून फोनवर आहे हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं.